बिजागरीच्या बाजूला

आमचा बंड्या तेरा वर्षांत कधी कुणाच्या मांडीवर बसला नाही. पुण्यात एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात सापडलेलं पिल्लू. घरात आला, वाढला, पण स्वभावाने भाडेकरूच राहिला. जेवायला वेळेवर हजर, फिरायला एका पायावर तयार, बाकीचा वेळ गॅलरीत. हाक मारली की मान वळवून बघायचा आणि काम त्याच्या लायकीचं वाटलं नाही तर पुन्हा रस्त्याकडे तोंड करायचा. मैत्रिणींच्या अंगावर लोळणाऱ्या लॅब्राडोरचे फोटो बघून मला हेवा वाटायचा, हे कबूल करते.

गेल्या पावसाळ्यात हे बदललं. आधी तो स्वयंपाकघरात पायात यायला लागला. मग मी लॅपटॉप घेऊन बसले की खुर्चीच्या चाकाला पाठ टेकून झोपायला लागला, इतका जवळ की खुर्ची मागे सरकवायची सोय नाही. मग बाथरूम. मी आत, तो बाहेर, दाराखालच्या फटीला नाक लावून. त्या नाकाचा व्हिडिओ काढून मी स्टेटसला टाकला, वर लिहिलं, ‘म्हातारपणी प्रेमात पडला.’ भरपूर बदाम आले.

आई म्हणाली, “आता कुठे त्याला कळलं, घरात आपलं कोण आहे ते.” शेजारच्या काकूंनी वेगळाच अर्थ लावला. “मुक्या जनावराला आधी कळतं हो,” असं हळूच म्हणून त्यांनी त्यांच्या दिरांच्या शेवटच्या आजारपणातला किस्सा सांगितला. त्या संध्याकाळी आईने देवापुढे जास्तीची उदबत्ती लावली. आता आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. तिघींनी तीन अर्थ लावले, आणि तिन्ही अर्थ आमच्याबद्दल होते. कुत्र्याला स्वतःचं काही होत असेल, हे एकीच्याही मनात आलं नाही.

दोन महिने असे गेले. मग एका रात्री अडीचच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर बंड्या बेडरूमच्या दाराशी उभा. दार अर्धं उघडं होतं. पण तो उघड्या बाजूला नव्हता. बिजागरीच्या बाजूला, दार आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत तोंड घालून उभा होता आणि तिथून बाहेर पडायची वाट बघत होता. मी हाक मारली, तो वळला नाही. मागे फिरता येतं, हेच तो विसरला होता. मी त्याला कमरेला धरून ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्याची छाती माझ्या हाताखाली धडधडत होती.

डॉक्टरांनी आधी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रात्री झोपतो का? दिवसा जास्त झोपतो? घरात कधी शू केली? ओळखीच्या माणसावर भुंकला? जिन्यापाशी थांबतो? प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे मी सगळं पाहिलं होतं, फक्त एकापुढे एक ठेवून पाहिलं नव्हतं. मग डोळ्यात टॉर्च, कानामागे टाळी, मागचे पाय वाकवून बघणं, रक्ताची तपासणी. “वय झालेला कुत्रा अचानक चिकटायला लागला ना ताई,” ते म्हणाले, “तर त्याला दुखतंय का, दिसतंय का, ऐकू येतंय का, हे आधी बघायचं. लाड नंतर.”

बंड्याचं थोडं थोडं सगळंच निघालं. ऐकू येणं जवळजवळ गेलेलं, मागच्या सांध्यांत संधिवात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना होणारा स्मृतिभ्रंश. माणसाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, तेच त्यांच्याही मेंदूत साठतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांमध्ये आणि 15-16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्क्यांमध्ये याचं निदान एक तरी लक्षण सापडलं होतं. दिशा चुकणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं चक्र उलटणं, घरात घाण होणं. माणसांशी वागणं बदलतं ते दोन्ही बाजूंनी. काही कुत्री तुटक होतात, काही चिकटतात.

मला छळणारा प्रश्न इथून सुरू होतो. बंड्या चिकटण्याऐवजी चावायला लागला असता, तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले असते. जेवण टाकलं असतं तर त्याच संध्याकाळी. दोन महिने गेले, कारण हे लक्षण मला आवडलं होतं. तेरा वर्षं जे हवं होतं ते मिळत होतं, मग त्याचं कारण कशाला विचारायचं? अज्ञान माफ असतं असं आपण धरून चालतो. पण काही अज्ञान आपल्या सोयीचं असतं, आपण ते सांभाळून ठेवतो, आणि मला वाटतं, त्याची जबाबदारी आपल्यावर येतेच. कुणाला तरी आपली गरज आहे, ही भावना इतकी गोड असते की ती गरज कुठून आली हे आपण बघत नाही. आजारी आजी हात सोडत नाही तेव्हा घरातली माणसं कौतुकाने सांगतात, ‘हिला मीच लागते.’ मीही सांगितलं आहे.

जपानमधला हाचिको सगळ्यांना माहीत असतो. मालक 1925 साली गेला आणि तो शिबुया स्टेशनवर जवळजवळ दहा वर्षं वाट बघत राहिला. 1934 साली त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा तो जिवंत होता, समारंभाला हजर होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो मेला. त्याचे अवयव जपून ठेवले होते. 2011 साली ते पुन्हा तपासले तेव्हा हृदयात आणि फुप्फुसांत कॅन्सर सापडला. हृदयात जंत होते, हे आधीपासून माहीत होतं. यात कुणाचा दोष काढायचा नाही, त्या काळात काय करता आलं असतं? पण निष्ठेची मूर्ती म्हणून ज्याच्याकडे लोक बघत होते त्याच्या आत हे सगळं चाललं होतं, हे वाचल्यापासून तो पुतळा मला वेगळा दिसतो.

निदान झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. आधी सगळ्याला प्रेम म्हणत होते, आता सगळ्याला लक्षण म्हणायला लागले. तो पायाशी आला की मनात नोंद: चिंता. हात चाटला: गोंधळ. आई वैतागली. “अगं, त्याच्या डोक्यावरून हात तरी फिरव, काय डॉक्टरीणबाईसारखी बघतेस!” तिचं बरोबर होतं. ‘ही तर नुसती भीती, प्रेम नाहीच’ असं म्हटलं की मला थोडं मोकळं वाटायचं, हेही मी पाहिलं. प्रेम नसेल तर उतराईची बाबही हलकी होते.

पण भीती आणि प्रेम असे वेगळे काढता येतात का? जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने लहान मुलांच्या आईशी असलेल्या ओढीवर आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की ही ओढ भीतीच्या वेळी जागी होते. मूल घाबरलं, थकलं, दुखावलं की ते कुणाकडे धावतं, यावरून त्याचं माणूस कोण ते कळतं. मुलांची ही ओढ तपासायची एक पद्धत आहे. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई बाहेर जाते, परत येते. 1998 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच पद्धत कुत्री आणि त्यांचे मालक यांच्यावर वापरली आणि ओढीचा तसाच आकृतिबंध त्यांना दिसला. म्हणजे बंड्या घाबरलाय म्हणून माझ्याकडे येतो हे खरं. घरात आम्ही चार माणसं असताना माझ्याकडेच येतो, हेही खरं. गॅलरीत पाठ करून बसायचा तेव्हा कदाचित त्याला मागे कोण आहे हे पक्कं माहीत होतं, म्हणून वळून बघायची गरज नव्हती.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुरापासून एक कुत्रा पांडवांच्या मागे चालत जातो. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात, कुत्रा राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून दे म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. ‘भक्ताला सोडणार नाही’ हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण तो आपलं व्रत सांगतो तेव्हा यादी मोठी आहे: घाबरलेला, भक्त, मला दुसरं कुणी नाही म्हणत दुःखाने आलेला, दुबळा, जीव वाचवू पाहणारा. भीत आणि भक्त एकाच ओळीत, शेजारी शेजारी. हा कुत्रा यांतला कुठला, हे तो ठरवत बसत नाही. कुत्रा मागे का आला हे कथाही सांगत नाही. (शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो, ते मला नेहमी जरा खटकतं. तो साधा कुत्राच राहिला असता तर बरं झालं असतं.)

युधिष्ठिराला नऊ वाजता मीटिंग नव्हती, एवढंही म्हणायला हवं. तिसऱ्या आठवड्यात सलग चौथ्या रात्री बंड्याने येरझारा घालून मला उठवलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. चांगली जोरात. त्याला ऐकू आलं नाही. माझं तोंड आपल्याकडे आहे एवढं त्याला दिसलं आणि तो शेपटी हलवत आणखी जवळ आला.

त्यानंतर बरंच काही केलं. सांध्यांच्या गोळ्या सुरू आहेत. फरशीवर रबरी मॅट टाकल्या, पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा असतो, सोफा जागचा हलवायचा नाही असा घरात नियम झाला. ऑफिसला जायच्या तीन दिवशी आई माझा वापरलेला टी-शर्ट त्याच्या गोधडीवर ठेवते. मी अंथरूण जमिनीवर घेतलंय. तो पाठ लावून झोपतो, कधी पहाटेपर्यंत, कधी तासभरच. त्याच्या मनात काय असतं, हे मी आता स्टेटसला लिहीत नाही.

काल संध्याकाळी फिरायला निघताना तो पुन्हा बाहेरच्या दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कडीकडे नाही, भिंतीकडे तोंड करून. पट्टा हातात घेऊन मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने माझ्या पोटरीला नाक लावलं. मी एक पाऊल डावीकडे सरकले, तसा तोही सरकला.