वेबिल बंद करताना

हे दयाळू बापा,

शनिवारची रात्र आहे, साडेनऊ झालेत. उद्या डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. हिची प्रार्थना मघाशीच झाली. गुडघ्यांना तेल चोळून ती झोपलीसुद्धा. मी खुर्चीवर बसूनच तुझ्याशी बोलतो आहे, राग मानू नकोस. गुडघे टेकले तर मला उठवायला हिला हाक मारावी लागेल, आणि तिला उठवायला मग कोणाला तरी.

पस्तीस वर्षं मी एस.टी.त वाहक होतो. दिवस संपला की आगारात बसून वेबिल बंद करायचं, विकलेल्या तिकिटांचे नंबर मांडायचे, रोख मोजून भरायची. एक रुपया कमी भरला तरी तो आपल्या खिशातून जायचा. 2013 साली अठ्ठावन्न पूर्ण झाली, पेटी जमा केली, पण सवय काही जमा झाली नाही. अजूनही रात्र झाली की दिवसाचं वेबिल मी तुझ्यापुढे उघडतो. आजही उघडतो आहे.

आधी जमेची बाजू.

आज पहाटे पाचला नळ आला त्याबद्दल तुझे आभार. आमच्या गल्लीत नळाची पहिली चाहूल लागते समोरच्या काकूंना. त्या स्वतःची हंडी लावायच्या आधी आमचं फाटक वाजवतात, ‘‘भाऊ, पानी आलं बरं! उठा!’’ 2018च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती आणि सारं यवतमाळ टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं, तेव्हा या बाईने आपल्या पिंपातल्या दोन बादल्या आमच्या दारात आणून ठेवल्या होत्या. काही बोलली नव्हती, रिकाम्या बादल्या तेवढ्या संध्याकाळी मागून नेल्या. त्यांच्या तुळशीवर आणि त्यांच्या सुनेच्या बाळंतपणावर तुझी नजर असू दे.

डाव्या हाताला राहणारे मियाँभाई आगारात मेकॅनिक होते. किती गाड्या त्यांनी माझ्यासाठी रात्री-बेरात्री चालू करून दिल्या त्याची मोजदाद नाही. आता त्यांचा स्वतःचा श्वास चढावर बंद पडतो. ईदचा शीरखुर्मा घेऊन ते येतात, नाताळच्या करंज्या आणि अनारसे घेऊन मी जातो, आणि दोघांनाही साखर आहे म्हणून दोघांच्या बायका ताटावरचं फडकं उचलायच्या आधीच ओरडतात. त्यांचा दमा हलका कर. आम्हां दोघांना अजून काही वर्षं असं ओरडून घ्यायला मिळू दे.

सकाळच्या फिरण्याबद्दल आभार. शकुंतलेच्या जुन्या स्टेशनाकडे मी हल्ली मुद्दाम जातो. मूर्तिजापूरची ती छोटी गाडी बंद पडली, रुळांत गवत माजलं. तिकडच्या पारावर आम्ही पाच-सहा पेन्शनर बसतो. 2024च्या फेब्रुवारीत वर्ध्याची नवी रेल्वे कळंबपर्यंत आली, तेव्हापासून आमचा एकच वाद आहे, ती यवतमाळात आधी पोचते की आम्ही तुझ्याकडे. हा निकाल तुझ्या हातात आहे. आम्हांला घाई नाही.

पेन्शनबद्दलही आभार मानतो, पण खरं सांगतो, जीभ जरा अडखळते. ती मोजायला फार वेळ लागत नाही. तरी मुलगा चाकणहून पाठवतो, नागपूरची लेक रात्रपाळीला जायच्या आधी फोन करून ‘‘बाबा, गोळी घेतली का?’’ विचारते. ती पेशंटच्या उशाशी उभी असेल तेव्हा तिच्या पाठीला आराम दे. मुलाच्या नोकरीचं कंत्राट मार्चमध्ये संपतं, ते तुला ठाऊक आहे. आणि नातीबद्दल आभार. ती फोनवर तोंड दाखवून विचारते, ‘‘आबाजी, तुम्ही बस चालवायचे ना?’’ मी म्हणतो, नाही बेटा, मी थांबवायचो. दोरी ओढली की गाडी थांबायची. तिला ते जास्तच मोठं वाटलं.

हिच्याबद्दल काय सांगू? मागच्या महिन्यात वणीला लग्नाला गेलो. पासष्टीनंतर मला अर्धं तिकीट, आणि 2023च्या मार्चपासून बायांना अर्धं, म्हणून तिलाही अर्धं. मशीनमधून निघालेली दोन्ही तिकिटं हातात घेऊन ही म्हणाली, ‘‘म्हंजे आता आपण दोघं मिळून एकच झालो.’’ पंचेचाळीस वर्षांत पाळकसाहेबांनी लग्नावर जेवढे संदेश दिले, ते सगळे मला या एका वाक्यात मिळाले. स्त्रीसभेत तिचा आवाज आता वरच्या पट्टीत फाटतो. तिला ते कळू देऊ नकोस, आणि ज्यांना कळतं त्यांना गप्प ठेव.

मंडळीतल्या शेतकऱ्यांसाठी मागतो. कापसाची वेचणी चालू आहे. पऱ्हाटीत वाकलेल्या पाठी मी पस्तीस वर्षं खिडकीतून पाहिल्या. 2017 सालच्या पावसाळ्यात फवारणी करता करता याच जिल्ह्यात वीसेक माणसं विषबाधेने गेली. त्या दिवसांत रुमाल तोंडाला बांधून, लाल डोळ्यांनी गाडीत चढणाऱ्यांची वर्णनं माझ्या जोडीदारांकडून ऐकली, आणि मला माझ्याच गाडीतले जुने चेहरे आठवले. औषधाचा वास येतो म्हणून त्यांना मी मागच्या सीटवर बसवायचो. ज्यांच्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरांकडे पाहा. 2019च्या साहित्य संमेलनाचं उद्‌घाटन आमच्या यवतमाळात एका शेतकऱ्याच्या विधवेने, वैशाली येडे यांनी केलं. ज्यांना कधीच कोणी मंचावर बोलावणार नाही, त्या बायांचं तू ऐक.

माझ्या आजोबांची आठवण करून आभार मानतो. 1899-1900चा दुष्काळ, ज्याला जुने लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्यात ते पाच-सहा वर्षांचं पोर होते आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. आपलं आडनाव काय, हे त्यांना मरेपर्यंत नक्की माहीत नव्हतं. भूक मात्र आठवायची. ताटात भाकरीचा तुकडा टाकला की ते काही बोलायचे नाहीत, तो तुकडा उचलून स्वतः खायचे. त्या भुकेतून आमचं घर उभं राहिलं. आज घरात डबाभर चिवडा आहे.

आणि अर्नेस्ट वॉर्डसाहेबांची गोष्ट. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना फ्री मेथडिस्ट मिशनच्या या माणसाची आणि नारायण वामन टिळकांची रेल्वेच्या डब्यात गाठ पडली. साहेबांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, 1895 साली, टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि मराठी मंडळीला तिचा कवी मिळाला. ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आलो, पण नोकरीला लागल्यावर मला ती निराळी दिसू लागली. त्या गाडीत तिकीट तपासायला कोणी आला असेल. त्याने दोघांची तिकिटं पाहिली असतील आणि पुढे गेला असेल. माझ्या गाडीतही असं काही घडलं असेल का, रे बापा? पाळक घडवणारी आमची यवतमाळची सेमिनरी, जी 1983 साली पुण्याला गेली, तिच्यात नागालँडपासून केरळपर्यंतची पोरं शिकायला यायची. हातात मराठीची वही घेऊन ती माझ्या गाडीत बसायची, शेजारच्या म्हाताऱ्याशी मोडकंतोडकं बोलायची. काय बोलायची? मी सुट्टे मोजत होतो.

आता नावेची बाजू.

एका पोराला मी भर पावसात घाटंजीच्या रस्त्यावर उतरवलं होतं, तिकिटाला आठ आणे कमी होते म्हणून. हे पाप मी तुला चाळीस वर्षांत शंभरदा सांगितलं असेल. जुनी पापं सांगायला सोपी असतात. तो पोरगा आता कुठे आहे ते मला माहीत नाही, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. म्हणून आज पुन्हा तेच सांगून मी वेळ काढत होतो, हे तू ओळखलं असशील.

खरी गोष्ट गुरुजींची आहे.

दोन वर्षांपूर्वीचा सुगीचा सण. वेदीपुढे पांढऱ्या बोंडांचा ढीग, तुरीच्या पेंढ्या, कोंबड्या, एकच भोपळा आणि त्याचा तीन-तीनदा लिलाव. ज्याने घेतला त्याने पुन्हा अर्पण केला, पुन्हा बोली लागली. सगळं देऊळ हसत होतं. गुरुजी खजिनदार होते, हिशेब तपासायला मी होतो. साडेसहाशे रुपये कमी भरले. मंडळीच्या सभेत मी उभा राहून तो आकडा मोठ्याने वाचला. गुरुजी म्हणाले, ‘‘मंडपवाल्याला दिले होते. पावती बहुतेक तुमच्यापाशीच ठेवायला दिली.’’ आणि मी म्हणालो, ‘‘बहुतेक हे हिशेबात चालत नाही, गुरुजी.’’

लोक हसले. मला ते आवडलं.

पुढच्या रविवारी पाकिटात साडेसहाशे रुपये आले. गुरुजींनी पद सोडलं आणि ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले. चाळीस वर्षं आम्ही दोघं एका बाकावर, एका पुस्तकातून गात होतो. ते चष्मा विसरायचे आणि मी बोटाने ओळ दाखवायचो. गेली दोन वर्षं त्यांनी कोणाच्या बोटाकडे पाहून गायलं, की गायलंच नाही, मी मागे वळून पाहिलं नाही.

या मंगळवारी नाताळच्या गाण्यांच्या सरावासाठी हिने माझं जुनं ‘उपासना संगीत’ काढलं. पुठ्ठ्याला घातलेलं खाकी कव्हर सुटलं होतं. त्याच्या आत मंडपवाल्याची पावती होती. सहाशे पन्नास. तारीख तीच. मी पावती परत कव्हरात सरकवली आणि हिला म्हणालो, डिंक कुठे आहे? प्रभू, मी ते कव्हर चिकटवायला निघालो होतो. बुध, गुरू, शुक्र गेले. डिंक अजून टेबलावर आहे. ही काहीच बोलली नाही, पण तिने तो जागेवरही ठेवला नाही. आज जेवताना एवढंच म्हणाली, ‘‘उद्या प्रभुभोजन आहे.’’

तू शिकवलेल्या प्रार्थनेत आमच्या मराठीने पापाला ऋण म्हटलं आहे. सगळी मंडळी ते एका सुरात म्हणते. मी आयुष्यभर म्हणालो आणि मला वाटत आलं की लोकांचंच माझ्याकडे येणं आहे. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा, हेही तूच सांगितलंस, पण त्या वचनावरचा संदेश ऐकताना मला नेहमी दुसऱ्यांचीच तोंडं आठवायची.

माझ्या काळी सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचो. उतरताना मागून घ्या, म्हणायचो. बहुतेक लोक मागून घ्यायचे. पण काही गरीब, लाजरी माणसं तशीच उतरून जायची, आणि संध्याकाळी तेवढे पैसे पेटीत जास्त भरायचे. जास्तीचे पैसेही जमा करावे लागायचे, पण एक सांगतो, कमी भरले की आम्ही रात्रभर आठवायचो, आणि जास्त भरले की कोणाचे म्हणून कधीच डोकं खाजवलं नाही. गुरुजी तसेच मागितल्याशिवाय उतरून गेले.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. उद्या उपासना नऊला आहे. पाचला नळ येईल, पाणी भरून होईल. सातला माझी स्कूटर पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये चालू होऊ दे, थंडीत ती रुसते. गुरुजी घरी असू देत. दार त्यांनी स्वतः उघडावं, त्यांच्या सुनेने उघडलं तर मी हवापाण्याचं बोलून परत येईन, मी मला ओळखतो. मला आधी समजावून सांगू देऊ नकोस, पावती कव्हरात कशी गेली, कोणी ठेवली, ते सगळं नंतर. आधी पावती हातात देऊ दे. आणि त्यांनी काही कडू बोललं तर माझी जीभ धर. बहुतेक बोलणार नाहीत. तेच मला जड जाणार आहे.

चूक मी सभेत उभा राहून केली होती, तर कबूलही सभेतच करायला हवी, हे मला कळतं. उपासनेनंतर पाळकसाहेब सूचना वाचतात तेव्हा दोन मिनिटं मागून घेईन. पाय लटपटतील. तेव्हा तू मला त्या पोराची आठवण दे, पावसातल्या.

त्यांनी पुन्हा आमच्या बाकावर यावं, हे मी मागत नाही. तो निर्णय त्यांचा आहे. शेवटच्या बाकावर मात्र दोघांपुरती जागा आहे, मी आज संध्याकाळी झाडताना पाहून आलो.

झालं, बापा. पावती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आहे. डिंक कपाटात ठेवला. आता दिवा मालवतो.

प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.