फळ आणि कसोटी

खंडेनवमीला बदलापूर-अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शेडमध्ये लेथ धुऊनपुसून घेतात. चकला हळदकुंकू लागतं, ड्रिलिंग मशीनच्या दांड्याला झेंडूची माळ पडते, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ताटात मांडून त्यांच्यावर अक्षता टाकतात. बदलापूर गावातून रोज पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. जे अवजार घर चालवतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढा साधा हा धर्म आहे आणि तो चांगला आहे. मात्र ही पूजा उघड उघड सकाम आहे. ज्या यंत्राने मिळवून दिलं आणि पुढेही मिळवून द्यावं त्याला फूल. भंगारात निघालेल्या शेपरला कुणी माळ घालत नाही. मग ज्या यंत्राने जन्मापासून कुणाला एक पैसा मिळवून दिला नाही आणि जे त्यासाठी घडवलंच गेलं नाही, त्याच्या वाट्याला काय यावं? ते घडवणाऱ्याने त्यात ओतलेले हजारो तास धर्माच्या हिशेबात कुठे मांडायचे?

अशी यंत्रं आहेत, आणि त्यांची संग्रहालयंही आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. त्यातलं गाव, सिग्नल आणि गाड्या प्रेक्षकांसमोर चालतात. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला जो मार्टिन यांनी निव्वळ कारागिरीसाठी एक संग्रहालय काढलं. मार्टिन यांची कंपनी टेबलावर मावणारे लेथ बनवत असे, त्यामुळे हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तिथे तळहातावर बसणारी पेट्रोल इंजिनं आहेत, आणि ती खरोखर चालतात. होनोलुलूचे दंतवैद्य यंग पार्क यांनी ॲल्युमिनियममधून १:१६ प्रमाणात दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं घडवली. ती उडत नाहीत. पण कॉकपिटमधली दांडी हलवली की शेपटीचे पडदे वळतात. पत्र्याच्या आत, जिथे सहसा कुणाची नजर जाणार नाही, तिथेही त्यांनी भाग सोडून दिलेले नाहीत. हा वेडेपणा आहे असं कुणी म्हटलं तर लगेच वाद घालू नये. प्रश्न एवढाच की हा वेडेपणा धर्माच्या बाहेरचा आहे का. माझं म्हणणं असं की निष्काम कर्माचं इतकं शुद्ध उदाहरण आजच्या जगात दुसरीकडे सापडणं कठीण, आणि निष्काम कर्माबद्दलचा आपला एक जुना गैरसमजही ते दुरुस्त करतं.

तो गैरसमज आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. ‘फळाची आशा धरू नये’ हे वाक्य आपण बहुतेक वेळा दोनच प्रसंगी काढतो: मजुरी देताना हात आखडायचा असतो तेव्हा, नाहीतर काम बिघडलं असताना मनाचं समाधान करायचं असतं तेव्हा. फळ सोडायचं म्हणजे काम कसं उतरलं याचीही फिकीर सोडायची, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होऊन बसला आहे. हे दोन धागे वेगळे कसे करायचे ते आयटीआयतल्या फिटरच्या पोराला माहीत असतं, भले त्याने गीता उघडलेली नसो. अंबरनाथ असो की आणखी कुठली आयटीआय, सुरुवातीचे महिने कानस मारण्यात जातात. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानस सपाट ठेवून पुढे दाबत न्यायची, मागे हलकी आणायची. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. पातं आणि धातू यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की समजायचं, तिथे जास्त खाल्लं. सरफेस प्लेटवर निळा लेप लावून तुकडा घासला की उंचवट्यांवर निळे डाग उठतात. ते डाग घासायचे, पुन्हा लेप, पुन्हा डाग. पुढे मेल-फीमेल जोडणी येते. एका तुकड्यात चौकोनी खाच, दुसऱ्यावर तसाच दात. तो खाचेत बसला पाहिजे, आणि फिरवून उलटा घातला तरी तसाच बसला पाहिजे. या जोडीचा जगात कुठेही उपयोग नसतो. मार्क पडले की ती भंगाराच्या पेटीत जाते, आणि हे पोराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरीही उजेडाची ती रेघ बुजेपर्यंत त्याची सुटका नाही. फळ शून्य आणि कसोटी कडक, असा हा प्रकार आहे.

छोटं यंत्र बनवणारा हीच स्थिती आपल्या खुशीने आयुष्यभरासाठी पत्करतो. त्याच्या कामाला नक्कल म्हणून बाजूला सारणाऱ्यांना निसर्गाची एक अडचण माहीत नसते. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असतं आणि ते ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असतं, हा विनोद आपल्याकडे जुना आहे. फाळणीत सगळं गमावून आलेल्या माणसांनी छावणीतून जे उद्योग उभे केले त्यांना तो थोडा अन्यायच करतो, पण बाहेरून हुबेहूब असलं की वस्तू तयार झाली अशी समजूत त्यात नेमकी पकडली आहे. यंत्राचं तसं चालत नाही. इंजिन चौथाई मापाचं केलं की लांबी १/४ होते, पृष्ठभाग १/१६ आणि घनफळ १/६४. म्हणजे घनफळाच्या मानाने पृष्ठभाग चौपट होतो, आणि सिलिंडरमधली उष्णता भिंतींतून भराभर निसटते. पेट्रोलचा थेंब काही चौथाई होत नाही, त्यामुळे केसाएवढ्या जेटमधून इंधन आणि हवा यांचं मिश्रण जमवताना कारागीर मेटाकुटीला येतो. स्पार्क प्लगचं इन्सुलेशन पातळ करावं तर ठिणगी भलतीकडूनच उडते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. इथे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट १० मायक्रॉनने चुकली तरी दाब टिकत नाही. मोठ्या इंजिनाचा नकाशा समोर असला तरी लहान इंजिन नव्याने विचार करूनच बनतं. शिवाय ते चालतं किंवा चालत नाही. मूर्तीपुढे उभं राहून भाव आला की नाही यावर वाद घालता येतो, इंजिनापुढे नाही.

इथे गीतेचा जाणकार अडवेल. सिद्धी आणि असिद्धी यांच्याकडे सारख्याच वृत्तीने पाहावं असं दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. इंजिन चालावं म्हणून झुरणारा माणूस तिथे कसा बसेल? कर्मातल्या ज्या कौशल्याला गीता योग म्हणते तेही शंकराचार्यांच्या मते समबुद्धीचं आहे, कानशीचं नव्हे. आक्षेप वजनदार आहे. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्यात कर्म सोडण्यापेक्षा करण्याची बाजू घेतली, पण तेवढ्याने हा पेच सुटत नाही. मला विनोबांची वाट अधिक जवळची वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळण्याला महत्त्व दिलं. ती जोड मिळाली की कर्माचा भार उरत नाही. समत्व हे कर्त्याच्या मनाचं असतं, कामाच्या मापाचं नसतं. इंजिन चाललं नाही तर कारागिराने कोसळू नये, एवढंच समत्व मागतं. न चाललेल्या इंजिनाला चाललं म्हणावं असं ते कधीच सांगत नाही. किंबहुना मन समतोल नसेल तर माप खोटं घेतलं जातं. नरहरी सोनाराची कथा आपण हरिहर-ऐक्याची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या कट्टर शैवाचा अहंकार कशाने मोडला ते पाहावं. विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून त्याने दुसऱ्याकडून माप मागवून करदोडा घडवला, तो कधी सैल झाला, कधी घट्ट. मग डोळ्यांना पट्टी बांधून तो स्वतः माप घ्यायला गेला, आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्याला कुणी उपदेश केला नव्हता, कुणी वादात हरवलं नव्हतं. न बसणाऱ्या दागिन्याने त्याला देवळात आणलं. सोन्याच्या मापाशी तो प्रामाणिक नसता, ‘चालतंय’ म्हणणारा असता, तर आपल्या मताला कवटाळून सुखाने मेला असता.

दुसरा आक्षेप भुकेचा. ज्या देशात हातांना काम आणि पोटाला अन्न पुरत नाही तिथे निरुपयोगी यंत्रावर वर्षं घालवणं हा धर्म कसा? अशा कामातूनच पुढे चांगले टूलमेकर तयार होतात, असं याचं उत्तर नेहमी देतात. ते खरं असलं तरी मी ते वापरणार नाही, कारण त्याने उपयोग मागच्या दाराने आत येतो. त्यापेक्षा हे तास कुणाचे होते ते विचारावं. अंबरनाथचं शिवालय भूमिज पद्धतीचं आहे. या पद्धतीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमधून लहान लहान शिखरांच्या ओळी रचत नेतात. मोठं शिखर आपल्याच छोट्या प्रतिकृतींनी बनतं. ती वरची चिमुकली शिखरं कुणाच्या पोटाला उपयोगी पडली नाहीत, आणि ज्या श्रमातून ती उभी राहिली त्याला राजाच्या खजिन्याचं पाठबळ होतं. दंतवैद्याच्या संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या होत्या. भुकेचा आक्षेप लावायचा तर आधी देवळाला लावावा लागेल, आणि तो लावायला कुणी तयार असेल तर त्याचा युक्तिवाद निदान सुसंगत आहे.

त्याच देवळापाशी तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तोच मला सगळ्यांत कठीण वाटतो. तिथल्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखात शिलाहार राजा मम्मुणी आणि त्याचे अधिकारी नावांनिशी आहेत. दगड घडवणारे कोण होते ते आपल्याला ठाऊक नाही. या अनामिकतेलाच निरहंकार म्हणून गौरवायची आपल्याला खोड आहे. कार्ल्सबाडमध्ये कारागिराचं नाव वस्तूशेजारी असतं, म्हणून तिथे अहंकार आणि इथे समर्पण, असं म्हणणं सोयीचं आहे. पण नाव विचारलंच नाही त्याने नावाचा त्याग केला असं कसं म्हणता येईल? काम हीच पूजा हे तत्त्व शतकानुशतकं कारागीर जातींना जागच्या जागी ठेवण्यासाठी वापरलं गेलं. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या समीक्षेत दाखवून दिलं की ती श्रमांबरोबर श्रमिकांनाही वाटून टाकते. आणि जे काम जन्माने गळ्यात पडतं, आवडीनिवडीला जिथे जागाच नसते, त्यात माणसाचं मन आणि बुद्धी लागत नाही. हे मान्य केलं की एक गोष्ट पटते: न निवडलेल्या कामाचं फळ सोडणं याला त्याग म्हणता येत नाही, कारण ते फळ करणाऱ्याच्या हातात कधी नव्हतंच. छोट्या यंत्राच्या कामाला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी. दंतवैद्याला कुणी धातूकामाला जुंपलं नव्हतं. त्याच्यावर जातीचं, मालकाचं, पोटाचं ओझं नव्हतं, आणि तरी त्याने स्वतःवर मायक्रॉनचा नियम लादून घेतला. स्वधर्म जन्माने मिळत नाही, निवडावा लागतो, हे यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं आपल्या पुष्कळशा प्रवचनांतून दिसत नाही.

अहंकाराचं काय, हे मात्र सुटलेलं नाही. काम चालू असताना अहंकाराला फारसा वाव नसतो, कारण कानस कुणाच्या हातात आहे याची पोलादाला पर्वा नसते. पण वस्तू काचेच्या पेटीत गेली, लोक वाहवा करू लागले, की सोडलेलं फळ परत येतं. या अर्थाने संग्रहालय ही या साधनेतली सर्वांत दुबळी जागा आहे, आणि कोथरूडला काय किंवा कार्ल्सबाडला काय, यंत्रं प्रेक्षकांसमोर चालवून दाखवतात तेवढीच तिची सोडवणूक. शिवाय आता पाच अक्षांचं सीएनसी मशीन तेच इंजिन रात्रीतून कापून देऊ शकतं, बहुधा हातापेक्षा जास्त अचूक. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली तर पाहणाऱ्याला फरक कळणार नाही आणि दोन्ही सारखीच चालतील. माझा युक्तिवाद खरा असेल तर त्यातल्या एकातच काही धार्मिक मोल होतं, आणि तेही वस्तूत उतरलेलं नाही. ते ज्या माणसात उतरलं तो पेटीत ठेवता येत नाही. संग्रहालय चालवणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण यातून सुटायची वाट मला तरी दिसत नाही.