रंग उतरल्यावर नमस्कार कुणाला?

कार्तिक सरता सरता सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळादेवळांत दशावताराचा पेटारा उतरतो. पेटाऱ्यात मुकुट, शालू, खोटे दागिने, तलवारी असं सगळं कोंबलेलं असतं, आणि त्यातच गणपतीचा मुखवटाही असतो. म्हणून आधी पेटाऱ्याची पूजा होते, नारळ ठेवला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं आणि जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भात लावणारा कुणीतरी तोंडाला रंग फासतो, मुखवटा चढवतो आणि पेटी-मृदंगाच्या तालावर गणपती होऊन नाचत येतो. रिद्धी-सिद्धीही पुरुषच, सरस्वतीही पुरुषच. आरतीचं तबक प्रेक्षकांत फिरतं, म्हाताऱ्या बाया हात जोडतात. गणपती कुणाचा कोण, कुठल्या वाडीतला, काल त्यानं कुणाकडे चहा घेतला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी हात जोडले जातात.

हा नमस्कार नेमका कुणाला? प्रश्न बाळबोध वाटेल. पण मराठी सिनेमानं तो एकदा इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा केला की त्याचं उत्तर देताना भलेभले गडबडले.

ज्या नटामुळे हे घडलं, त्याचं नाव विष्णुपंत पागनीस. जन्म १८९२, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचा. नाटकात स्त्रीभूमिका करणारा गोड गळ्याचा नट. पुढे रंगभूमी सुटली, मुंबईत गाणं शिकवणं आणि भजन करणं एवढंच उरलं. चाळिशी उलटून गेल्यावर 'प्रभात' या चित्रपटसंस्थेनं त्यांना 'संत तुकाराम' दिला. १९३६ च्या डिसेंबरात हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथं एकाच थिएटरात सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. वारकऱ्यांच्या तुकोबाचं सर्वांत लाडकं चित्र रंगवणाऱ्यांत एक मुसलमान होता, ही गोष्ट त्या काळी कुणाला खटकली नाही. आज ती मुद्दाम सांगावी लागते.

चित्रपटाची सुरुवात पाहण्यासारखी आहे. तुकाराम डोळे मिटून विठ्ठलाचं गातो आहे. साधा, सरळ, दाद मिळावी अशी कुठलीही हरकत नसलेला गळा. पुढच्याच प्रसंगात त्याचा मत्सर करणारा सालोमालो बुवा तीच रचना देवळात स्वतःच्या नावावर खपवतो, तीही नाटकी ढंगात, गळा फिरवत, मान वेळावत. शब्द तेच असूनही एकाचं गाणं पोचतं, दुसऱ्याचं पोचत नाही. गंमत अशी की दोघेही नटच. पडद्यावर खरा वाटणारा संत आणि पडद्यावर खोटा वाटणारा बुवा, दोघांनीही तोंडाला रंग लावलेला. सोंगातही ढोंग वेगळं ओळखू येतं, हे दामले-फत्तेलालांनी पहिल्या काही मिनिटांतच दाखवून टाकलं. पागनीसांच्या हालचालीत स्त्रीभूमिकांमधून आलेला मऊपणा तसाच राहिला होता, आणि तोच या तुकारामाला पावला. पुरुषी आव आणणारा तुकाराम कुणालाच पटला नसता.

मग लोकांनी पागनीसांच्या पाया पडायला सुरुवात केली. थिएटराबाहेर, रस्त्यात, जिथं भेटतील तिथं. घरोघरच्या तसबिरींत आणि कॅलेंडरांवर तुकोबांचा चेहरा हळूहळू पागनीसांसारखा दिसू लागला. सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याला विसाव्या शतकातल्या चिकोडीच्या नटाचा चेहरा मिळाला आणि तो अजून उतरलेला नाही.

चेहऱ्याचंच नव्हे, शब्दांचंही तसंच झालं. या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावलेलं एक गीत इतकं तुकारामाच्या वळणाचं उतरलं की लोक ते अभंग समजून भजनात म्हणू लागले. जाणकारांनीही गाथेत ते शोधून पाहिलं. गाथेत ते नाहीच.

सुधारकी वळणाचा माणूस म्हणेल, हा शुद्ध अडाणीपणा, लोकांना नट आणि संत यांतला फरक कळला नाही. हा आक्षेप जत्रेतल्या म्हातारीला लागू पडत नाही, हे वर आलंच आहे. आणि त्याचं शास्त्रोक्त उत्तर हजारभर वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिणाऱ्या श्रीशंकुकाचा ग्रंथ हरवला, पण अभिनवगुप्तानं त्याचं मत नोंदवून ठेवलं. शंकुक म्हणतो, भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो, तेव्हा ते ज्ञान खरं नसतं, खोटं नसतं, संशय नसतो, 'घोड्यासारखं काहीतरी' असंही नसतं. या चारही खात्यांत न बसणारी ती वेगळीच प्रतीती असते. रामाचं काम करणाऱ्या नटाला 'हा राम' म्हणताना प्रेक्षक हेच करत असतो. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताला शंकुकाचं पुढचं विवेचन मान्य नव्हतं आणि त्यानं ते खोडूनही काढलं. पण रंगवलेल्या घोड्याचं हे उदाहरण मात्र टिकून राहिलं.

नमस्काराला हुबेहूब चेहरा लागत नाही, याचा पुरावा मालवणच्या किनाऱ्यावर दगडात उभा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ साली बांधलं गेल्याचं सांगतात. आतली शिवरायांची मूर्ती आपल्या ओळखीच्या चित्रांतल्यासारखी नाही. दाढी नाही, आणि डोक्याला कोळ्यांच्या धाटणीची टोपी. शाळेच्या पुस्तकातले महाराज मनात धरून होडीतून आलेले पर्यटक क्षणभर चपापतात. मूर्तीवर मुखवटा चढवला जातो, पूजा चालते. चेहरा जुळतो की नाही यावर तिथं भक्ती अडून राहिलेली नाही. या किनाऱ्याला चेहरा उसना घेता येतो हे ठाऊक आहे, तसंच तो उतरवूनही ठेवता येतो हेही.

खरी मेख या उतरवून ठेवण्यात आहे.

पूजेत आवाहन असतं तसं विसर्जनही असतं. कोकणातला गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, शाडूच्या मूर्तीत देवाला बोलावतात आणि मुदत संपली की पाण्यात पोचवतात. मूर्तीवर प्रेम नाही म्हणून नव्हे. बोलावलेल्याला जाऊ दिलं पाहिजे म्हणून. दशावताराची रचना हुबेहूब अशीच आहे. पेटारा उघडला की आवाहन. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, गणपती, सरस्वती येऊन जातात, काळा संकासूर चक्क मालवणीत बोलून हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान लागतं. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचतात, एकच बाकडं कधी सिंहासन होतं तर कधी रथ. उजाडता उजाडता दहीकाला होतो, हंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो. पेटारा बंद होतो आणि विष्णू लुंगी लावून तोंड धुवायला विहिरीकडे जातो. त्या वेळी कुणी त्याच्या पाया पडत नाही. 'रातची गाणी झकास झाली हां' एवढंच म्हणतात. नमस्काराला हद्द आहे, आणि ती सगळ्यांनी मिळून सांभाळलेली असते.

सिनेमात ही पहाट नाही.

पागनीसांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. आवाहन झालं, पण विसर्जन करायला कुणी उरलं नाही. पडदा रोज तीन-तीन वेळा उजळत होता, त्यांचा तुकाराम रोज वैकुंठाला जात होता आणि पागनीस मात्र इथंच, मुंबईच्या रस्त्यावर. पुढच्या भूमिकाही त्याच मार्गानं आल्या. १९३९ मध्ये तुलसीदास, १९४० मध्ये नरसी भगत, १९४३ मध्ये विदुर. त्याच १९४३ मध्ये ते गेले. या माणसाला पुन्हा कधी एखादा लुच्चा सावकार किंवा विनोदी जावई करू द्यायला प्रेक्षक तयार झाले असते का? शाहू मोडकांची गोष्ट इतकी टोकाला गेली नाही. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा गायक-नट १९४० मध्ये 'प्रभात'चा ज्ञानेश्वर झाला, कृष्ण तर त्यांनी कितीदा तरी केला. पण त्याआधी, १९३९ मध्ये, ते 'माणूस'मध्ये वेश्येवर जीव जडलेला पोलीस शिपाई होऊन गेले होते. त्यांची सुटका त्या शिपायानं आधीच करून ठेवली होती.

हा पेच फक्त देवभोळ्या भारताचा आहे असंही नाही. मेक्सिकोत पेद्रो इन्फान्ते नावाचा गाणारा नट होऊन गेला. १९१७ चा जन्म, सुतारकाम करून वर आलेला, साठेक चित्रपट केलेला. १९४८ च्या एका चित्रपटात त्यानं गरीब वस्तीतला सुतार पेपे रंगवला आणि गरिबांनी त्याला आपला करून टाकला. १५ एप्रिल १९५७ रोजी मेरिदा शहरात त्याचं विमान कोसळलं. आजही दर १५ एप्रिलला मेक्सिको सिटीतल्या त्याच्या थडग्यापाशी गर्दी जमते, वाजंत्री येतात, त्याची गाणी गायली जातात. तो मेलाच नाही, कुठंतरी लपून राहतो आहे, ही वदंता कित्येक वर्षं चालली. इन्फान्तेनं काही संतांच्या भूमिका केल्या म्हणून हे झालं नाही. पडद्यावरून उतरायची सोयच नसलेल्या माणसाला लोक मरूसुद्धा देत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

इथं एखादा वारकरी हरकत घेईल, आणि त्याची हरकत वजनदार आहे. पंढरीचा विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, त्याचं कुठं विसर्जन होतं? मग तुकोबांच्या चेहऱ्याचं तरी का व्हावं? कीर्तनकाराला नारदाच्या गादीवरचा म्हणून नमस्कार करतातच की. पागनीसांचा सिनेमा हे सत्तावन्न आठवडे चाललेलं कीर्तन समजा. यावर उत्तर एवढंच देता येईल, की विठोबा दगडाचा आहे, त्याला संध्याकाळी घरी जायचं नसतं. आणि कीर्तनकारही आरती झाली की गादीवरून उतरतो, जेवायला बसतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतो. जिवंत माणसाला अखंड मूर्ती करून ठेवणं हा त्याच्यावरचा जुलूमच आहे, मग तो कितीही भक्तिभावानं केलेला असो.

गाण्यावर मात्र असा जुलूम होत नाही. कुडाळ भागातल्या सोनवड्याचे वसंत देसाई दशावतार आणि भजन कानांवर घेत वाढले आणि 'प्रभात'मध्ये जाऊन संगीतकार झाले. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली त्यांनी चाल दिलेली प्रार्थना देशभरच्या शाळांत म्हटली जाते. मुलांना सिनेमाही ठाऊक नसतो आणि देसाईही. कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेलं संस्कृत मैत्रीगीत एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत गायलं, त्याचीही चाल देसाईंचीच. तिथं नमस्कार थेट प्रार्थनेला पोचला, मधे कुणाचा चेहरा आला नाही.

आता विसर्जनाचा हाच प्रश्न फिरून जत्रेत आला आहे. नेरूरच्या कलेश्वर दशावतार मंडळाचे नट सुधीर कलिंगण यांना लोक 'लोकराजा' म्हणत. २०२२ मध्ये ते गेले. त्यांची नाटकं मात्र यूट्यूबवर आहेत, आणि परळ-लालबागमधले चाकरमानी ती डबा खाता खाता मोबाइलवर पाहतात. आख्यान मधूनच सुरू करता येतं, युद्ध पुढे ढकलता येतं, आडदशावतार वगळता येतो. बहुतेक जण तो वगळतातच, म्हणजे गणपतीचं आवाहनही होत नाही आणि काल्यापर्यंत कुणी थांबतही नाही. गावातली मंडळं यावर नाराज आहेत ती मुख्यतः बिदागीच्या हिशोबानं, आणि ती नाराजी रास्त आहे. पण जत्रेला रात्रभर बसणारी माणसं अजून बसतात, आणि सकाळी पेटारा टेम्पोत चढवायला हातही लावतात.