हुकूम देण्याचं वय

एनडीएत निवड झालेल्या मुलाच्या पालकांना दोन कागदांवर सही करावी लागते. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली, किंवा त्या इजेवरच्या शस्त्रक्रियेत तो दगावला, तरी सरकारकडे भरपाई मागणार नाही, असं पहिल्या कागदावर लिहिलेलं असतं. दुसरा कागद बाँडचा. मुलगा आपल्या मर्जीने प्रशिक्षण अर्धवट सोडून आला, तर झालेला खर्च भरून देऊ, अशी त्यात हमी असते. पेढ्यांच्या आणि बॅगा भरायच्या गडबडीत हे कागद कुणी शांतपणे वाचत असेल, असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी सही करायची, तो मुलगा कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असतो. मत द्यायला अठरा पूर्ण लागतात, लग्नाला मुलाला एकवीस. फौजेत अधिकारी व्हायचं की नाही, हे मात्र बहुतेकांना बारावीच्या वर्षातच ठरवावं लागतं.

घरात या विषयावर बोलणं निघतं तेव्हा दोनच प्रश्न पुढे येतात. आई विचारते, ‘जिवाला काही झालं तर?’ मामा विचारतो, ‘पुढे स्कोप काय?’

मामाचं समाधान करणं सोपं आहे. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 रुपये, त्यावर सैनिकी सेवेचे दरमहा 15,500, शिवाय भत्ते, क्वार्टर, मेस, कँटीन आणि भरपूर रजा. दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. कर्नल व्हायला मात्र निवड मंडळापुढून जावं लागतं आणि पिरॅमिड तिथे एकदम निमुळता होतो. चांगलं काम करूनही मोठा वर्ग मागे राहतो. ‘सुपरसीड झालो’ हे शब्द चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस घरी येऊन बायकोला कसे सांगत असेल, याचा विचार बारावीतल्या मुलाने करावा अशी अपेक्षा नाही. मामाने करायला हरकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा बदलणार, बायकोची नोकरी टिकणं कठीण, हेही त्याच हिशेबात धरावं. आणि पगार पाहून फौजेत जाणं यात लाज वाटण्याजोगं काहीही नाही. शिपाई पोटासाठी भरती होतो हे आपण समजून घेतो. अधिकाऱ्याने मात्र निव्वळ देशासाठी जावं, असा आग्रह धरतो. हे ढोंग आहे.

आईच्या प्रश्नापाशी जास्त थांबावं लागेल. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान मारले गेले. तिथे आजही घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो. त्या गावाला मरणाच्या तयारीबद्दल काही शिकवायला कुणी जाऊ नये. जीव देण्याची तयारी भरतीच्या रांगेत पहाटे चारपासून उभ्या असलेल्या पोराकडेही असते. मग अधिकाऱ्याकडे वेगळं काय मागितलं जातं? त्याला दुसऱ्याच्या मरणाबद्दल निर्णय घ्यायचा असतो. ‘तू पुढे जा’ हे शब्द त्याला उच्चारायचे असतात, तेही कित्येकदा स्वतःपेक्षा वयाने मोठ्या, दोन मुलांच्या बापाला.

डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी 1932 मध्ये सुरू झाली. तिच्या उद्घाटनाच्या भाषणात फील्ड मार्शल चेटवुड यांनी अधिकाऱ्यासाठी एक क्रम सांगितला. देशाची सुरक्षा आधी, त्यानंतर हाताखालच्या माणसांची, स्वतःची सगळ्यांत शेवटी. हा क्रम तिथल्या सभागृहात कोरलेला आहे आणि अधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. भाषणांत, पोस्टरांवर, मुलाखतींत बोललं जातं ते पहिल्याबद्दल आणि शेवटच्याबद्दल. देशासाठी सर्वस्व, स्वतःची पर्वा नाही. मधली माणसं वाचून दाखवायची आणि पुढे जायचं. अधिकाऱ्याची खरी नोकरी त्या मधल्या माणसांतच आहे, असं मला वाटतं. तिथे टाळ्या मिळत नाहीत. जवानाची रजा अडली आहे, त्याच्या भावाने शेताची वाटणी परस्पर केली आहे, त्याच्या पायाला फोड आले आहेत आणि तो सांगत नाही, हे ज्याला दिसत नाही, त्याने दिलेला ‘पुढे जा’ हा हुकूम पोकळ असतो. आणि जवानांना ते पहिल्या आठवड्यात कळतं.

या बाबतीत मला रामा राघोबा राणे आठवतात. कारवार तालुक्यातल्या चेंडिये गावचा हा माणूस. 1940 मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाला, दुसऱ्या महायुद्धात शिकत शिकत वर चढला आणि डिसेंबर 1947 मध्ये कमिशन मिळून सेकंड लेफ्टनंट झाला. चार महिन्यांत, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करण्याचं काम त्याच्याकडे आलं. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून अडथळे केलेले, वरून तोफांचा आणि मशिनगनचा मारा. 8 एप्रिलला, पहिल्याच दिवशी, त्याच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत तो स्वतः होता. तरी काम थांबलं नाही. रणगाड्यांना सुरुंगांमधून वाट काढून देण्यासाठी तो रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेला आणि दोऱ्या ओढून चालकाला इशारे देत राहिला. 11 एप्रिलपर्यंत हे चाललं. राणे यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते स्वीकारायला ते जिवंत होते. पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले.

ही गोष्ट शाळेत शौर्यकथा म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी एक दिसतं. वर्षानुवर्षं हुकूम घेतलेला माणूस हुकूम देण्याच्या जागी आला होता. सॅपरच्या हातांना सुरुंग काढताना काय वाटतं, हे त्याला सांगावं लागणार नव्हतं. अकादमीतून थेट आलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे ही शिदोरी नसते. त्याच्यासमोर तीसेक जवानांची प्लाटून असते आणि शेजारी पंचवीस वर्षं नोकरी झालेले सुभेदारसाहेब. सुभेदार त्याला सॅल्यूट करतो, ‘साहेब’ म्हणतो आणि त्याच वेळी निरखत असतो की हे पोर विचारायला लाजतंय का. त्या वेळी जो ‘साहेब, तुम्ही काय केलं असतं?’ असं मोकळेपणी विचारतो आणि तरी निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतो, तो बहुधा टिकतो. विचारतच नाही तो धोकादायक. आणि विचारून सुभेदाराच्या आड लपतो, तो अधिकारी म्हणून संपला.

अधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, मुलाखतीचे पाच दिवस याच गोष्टीचा माग काढण्यासाठी असतात. बारा चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, त्यातलं शेवटचं चित्र कोरं असतं. साठ शब्द दाखवतात, दर शब्दाला पंधरा सेकंद. मैदानात फळी, बल्ली आणि दोर देऊन गटाला पलीकडे न्यायला सांगतात. बोलक्या पोरांना वाटतं की सर्वांत आधी ओरडला तो नेता. ग्रुप टेस्टिंग ऑफिसर वही घेऊन बाजूला उभा असतो. मागे राहिलेल्या बुटक्या मुलाला हात कोणी दिला, स्वतःची युक्ती फसल्यावर दुसऱ्याची कोणी उचलून धरली, हे तो टिपतो. क्लासवाले आता या सगळ्याची उत्तरं घोटून घेतात. कोऱ्या चित्रावर कोणती गोष्ट लिहायची हेसुद्धा पाठ. पाच दिवस मुखवटा सांभाळणं अवघड असतं म्हणतात, तरी काही जण सांभाळतात. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. तिथे शिरण्याआधी स्वतःची खरी ओळख करून घेण्याची संधी त्या मुलाने क्लासला विकलेली असते.

आणखी एका गोष्टीची चर्चा घरात कधीच होत नाही. संविधानाच्या 33व्या अनुच्छेदाने सैन्यातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. फौजेतला माणूस मत देऊ शकतो, पण पक्षात जाऊ शकत नाही, संघटना काढू शकत नाही, वर्तमानपत्राशी परवानगीवाचून बोलू शकत नाही. आजच्या मुलांना हे जड जाईल. तीन वर्षं मोबाइलवर प्रत्येक गोष्टीबद्दल मत देऊन झाल्यावर एकदम गप्प व्हायचं. माझ्या मते ही मर्यादा योग्य आहे. बंदूक हातात असलेल्याने राजकारण बोलू लागणं काय असतं, हे आपण शेजारच्या देशांत पाहिलं आहे. पण बाहेर गप्प राहायचं असेल, तर आत खरं बोलण्याची हिंमत दुप्पट लागते.

कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. चीनने ईशान्य सीमेवर हल्ला केला तर आपली फौज कुठे आणि कशी कोलमडेल, हे त्यांनी 1959 मध्येच लिहून वर पाठवलं. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेऊन तेच पुन्हा मांडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले आणि 1962 मध्ये त्यांनी सांगितलं होतं तसंच घडलं. त्या सरावाचे कागद धरून ते वर्तमानपत्रांकडे धावले नव्हते. हे बरोबर केलं का? यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण अधिकारी व्हायचं तर असा एखादा कागद आयुष्यात आपल्याही वाट्याला येऊ शकतो, हे धरून चालावं. ऐकणारा ऐकत नसताना खरं लिहायचं आणि खाली सही करायची.

थोरातांचे जुने सहकारी जनरल थिमय्या. 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत दोघे एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या बटालियनचं नेतृत्व करत होते. तरुणपणी, स्वातंत्र्याच्या चळवळीने पेट घेतला होता तेव्हा, अलाहाबादला असलेल्या थिमय्यांना प्रश्न पडला की इंग्रजांच्या फौजेत राहायचं कशाला. ते मोतीलाल नेहरूंना भेटले. राजीनामे देऊ नका, देश स्वतंत्र होईल तेव्हा शिकलेले अधिकारी लागतील, असा मोतीलालांचा सल्ला होता. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पोशाख अंगात घातल्यावरही निर्णयाचा प्रश्न संपत नाही, हे त्यातून दिसतं. सतरा वर्षांच्या मुलाला उत्तर एकदाच द्यायचं आहे असं वाटतं, म्हणून तो घाबरतो तरी किंवा उतावळा होतो तरी.

महाराष्ट्रापुरतं एक बोचरं सत्य मांडायला हवं. जवान देण्यात आपण कधीच मागे नव्हतो. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यात निघाली, एनडीए आपल्या खडकवासल्यात. तरी अधिकाऱ्यांत मराठी मुलं पुरेशी नाहीत म्हणून 1977 मध्ये राज्य सरकारला औरंगाबादला खास पूर्वतयारी संस्था काढावी लागली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला 2023 मध्ये आली. पुण्यातला मध्यमवर्ग पोवाड्याला टाळ्या वाजवतो, मुलाला अमेरिकेला पाठवतो आणि कारगिलवर सोसायटीत व्याख्यान ठेवतो. खटाव-माणचा शेतकरी मुलाला भरतीला पाठवतो, पण साहेब होण्याची परीक्षा आपल्यासाठी नाही असं समजून बसतो. इंग्रजी बोलता येत नाही हे त्याचं मोठं कारण असतं, आणि ते दुरुस्त होण्याजोगं आहे.

सगळं ठाऊक असून निर्णय घेतलेलीही माणसं आहेत. सातारा सैनिक शाळेतून गेलेले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई. चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्यापुढे पोस्टर नव्हतं, किंमत होती. मे 2025 मध्ये एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा ‘मुलींना झेपेल का’ हा प्रश्न माझ्यापुरता संपला.

आता पुन्हा त्या दोन कागदांकडे. प्रशिक्षणात कायमचं अपंगत्व येऊन घरी पाठवलेले कॅडेट अनेक वर्षं माजी सैनिक धरले जात नव्हते, कारण कमिशन मिळालेलं नव्हतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत त्यांना जागा मिळाली. पालकांनो, सही करण्याआधी हे सगळं मुलासमोर बसून वाचा. अकादमीतून परत यावंसं वाटलं तर बाँडचे पैसे आपण कसे उभे करू, हेही त्याला सांगा, म्हणजे लाजेखातर तो तिथे राहणार नाही. आणि फॉर्म भरायच्या आधी त्याला जवळपासच्या एखाद्या निवृत्त सुभेदाराकडे घेऊन जा. त्यांनी दहा-बारा लेफ्टनंट आलेले-गेलेले पाहिलेले असतात. कोण कशामुळे चांगला साहेब ठरला आणि कोणाबरोबर पुन्हा जायला नको वाटलं, हे मुलाने त्यांना विचारावं. कर्नलसाहेबांकडे नंतर गेलात तरी चालेल.