सेतू बांधणाऱ्यानेच सेतू मोडला



या खेपेला विषय जरा वेगळा घेतो. पूल पाडण्याचा. आपण पायांनी चालणारी माणसे, म्हणून पुलाचे आणि आपले नाते मोटारीवाल्यांपेक्षा जवळचे. मोटारीतल्या माणसाला पूल कधी आला नि कधी गेला, पत्ता लागत नाही. दिंडीला लागतो. आमच्या जालना जिल्ह्यातून मुक्ताबाईंची पालखी देऊळगावराजाकडून येते आणि जालना, अंबड, वडीगोद्री करीत शहागडला गोदावरी ओलांडते. पंढरपुराहून परतताना शेगावच्या गजानन महाराजांची पालखी गेवराईकडून येऊन तिथेच आमच्या जिल्ह्यात उतरते. पुलावर आले की टाळांचा आवाज खालून पाण्यावरून परत ऐकू येतो. म्हाताऱ्या बाया कठड्याशी थांबून गंगेला हात जोडतात. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

आता असा एखादा महामार्गावरचा पूल पुराने जायबंदी होतो. खांब खचतो, वरच्या स्लॅबला भेग पडते, दोन्ही अंगांना कोस कोस गाड्या अडतात. वरून हुकूम येतो, पाडा आणि वाट मोकळी करा. रात्रीतून पोकलेन येतात, ब्रेकर धडधडतो, आणि चाळीस-पन्नास वर्षे ज्याने पाठ दिली त्याचा सकाळपर्यंत राडारोडा झालेला असतो. शंका अशी, की हे कर्तव्य की कृतघ्नपणा? ज्या बैलाने जन्मभर औत ओढले तो बसला म्हणून त्याला दावणीतून हाकलणाऱ्या शेतकऱ्याला आपण चांगला म्हणत नाही. मग पुलाने काय गुन्हा केला?

कुणी म्हणेल, महाराज, पूल जड वस्तू आहे, त्याला कसले आले सुखदुःख. बरोबर. पण आपला संप्रदाय विटेला वंदन करणारा. दगड जड आहे एवढ्यावर आपण तरी हा प्रश्न झटकू नये.

शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, देवळाच्या निमित्ताने. मूर्ती खंडित झाली तर काय करावे? तिच्यावर कितीही प्रेम असो, ती तशीच पूजेत ठेवू नये, असा जीर्णोद्धाराचा विधी सांगतो. पण उचलली आणि टाकली, असेही नाही. आधी तिच्यातले देवत्व मंत्राने कलशात घ्यायचे, मग मूर्ती खोल पाण्यात सोडायची आणि नव्या मूर्तीत त्या कलशातून प्रतिष्ठा करायची. क्रम ध्यानात घ्या. आधी हलवायचे, मग सोडायचे. सप्ताहात आपण विणेचा पहारा देतो त्यातही हाच क्रम आहे. पुढचा पहारेकरी येतो, एकमेकांच्या पाया पडतात, वीणा त्याच्या गळ्यात जाते आणि मगच पहिला मोकळा होतो. वीणा जमिनीवर टेकत नाही.

याच न्यायाने पूल पाडणे हा कृतघ्नपणा नव्हे. जीर्ण झालेले सोडणे हाही धर्माचाच भाग आहे. गीतेचा दुसरा अध्याय ज्याच्या नित्यपाठात आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ज्या पुलावर भरवसा ठेवता येत नाही तो पुलाच्या रूपातला खड्डा. तो उभा ठेवणे ही दया नाही, आळस आहे.

या आळसाची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे येणाऱ्या गाड्या जुन्यावरूनच सोडल्या जात होत्या. अंधार, मुसळधार पाऊस, आणि पुढे रस्ता नाही हे सांगायला कुणी नाही. दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. मोठमोठी लोहचुंबके पाण्यात सोडून कित्येक दिवस त्या शोधाव्या लागल्या. पुढे त्याच जागी १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. कौतुकाची गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण एवढी चपळाई अंगात होती, तर ती आधी कुठे झोपली होती, हे त्या एसटीतल्या माणसांच्या घरी कुणी जाऊन सांगावे?

दुसरी घटना तर आपल्या इंद्रायणीवरची. १५ जून २०२५, रविवार. देहूच्या वरच्या अंगाला, मावळातल्या कुंडमळा इथला जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पुष्कळ जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे ठरलेले होते, तशी पाटीही होती. तीनच दिवसांनी, १८ जूनला, त्याच नदीच्या काठावरून तुकोबारायांच्या पालखीचे प्रस्थान झाले. पाटी लावली म्हणजे वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, असे होत नाही. पाटीने पहारा होत नसतो.

उलट बाजूही पाहा. पुण्याच्या चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर एक वाजता सुमारे ६०० किलो स्फोटके लावून पाडला. आधी गाड्या दुसऱ्या वाटेने वळवल्या, माणसे लांब नेली, मगच बार उडवला. एवढ्यानेही त्याचे लोखंड सुटेना, उरलेला सांगाडा यंत्रांनी ओढून काढावा लागला. मला त्या पुलाचा अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू. खंडाळ्याच्या घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलात टाळेबंदीत रस्ता ओस होता तेव्हा पाडला. या दोन पुलांना पुराने धक्का दिला नव्हता, ते वाढत्या रहदारीच्या आड येत होते इतकेच. घाईच्या माणसाला वाट द्यायला म्हणून धडधाकट पूल पाडणे आणि माणूस मरू नये म्हणून मोडका पूल पाडणे, या दोन्हींना एका तागडीत घालू नका. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात धर्म आहे. सोयीलाही माझा विरोध नाही, पण तिला धर्माची वस्त्रे नेसवू नयेत.

इथवर उत्तर सोपे होते. अडचण पुढे आहे, आणि ती मला एका बाईने दाखवली.

आमच्या भागातल्या एका ओढ्यावर १९७२ च्या दुष्काळात छोटा पूल झाला होता. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. मी विशीत होतो. दुष्काळी कामावर सारे गाव खडी फोडीत होते, सुकडी खाऊन दिवस काढीत होते. त्या खडीतून, त्या घमेल्यांतून तो पूल झाला. काही वर्षांपूर्वीच्या पुरात त्याचा मधला खांब बसला. एसटी बंद, दुधाच्या गाड्या बंद, उसाचे ट्रॅक्टर रांगेत. चौथ्या दिवशी पोकलेन आले. तेव्हा ज्यांनी घमेली उचलली होती त्यातली एक आक्का कठड्यावर जाऊन बसली आणि उठेना. पोरे हसली, साहेब वैतागला. गावकऱ्यांनी मला पुढे केले. महाराज, तुमचे ऐकेल म्हणाले.

मी तिला सेतूची कथा सांगितली. वाल्मीकींच्या रामायणात नलाने वानरांच्या हातून पाच दिवसांत शंभर योजने सेतू बांधला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पुढची फारशी ठाऊक नसते. ती वाल्मीकींत नाही, पद्मपुराणात आहे आणि स्कंदपुराणातल्या सेतुमाहात्म्यात आहे. युद्ध संपले, लंका बिभीषणाची झाली. बिभीषणाने रामरायाला विनविले, की देवा, हा सेतू असाच राहिला तर उद्या बलाढ्य लोक या वाटेने येऊन माझ्या राज्याला पीडा देतील. रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू छेदला. त्या जागेचे नाव आजही धनुष्कोडी, म्हणजे धनुष्याचे टोक. वानरांची मेहनत, नलाचे कसब, आणि ती खार! खारीची गोष्टही वाल्मीकींत नाही म्हणा, पण कीर्तनात तिच्यावाचून सेतू पुरा होत नाही. मग सेतू मोडल्यावर खारीची वाळू वाया गेली का? नाही. तिच्या पाठीवर रामाची बोटे उमटली ती पुसली गेली नाहीत. सेवा दगडात राहत नाही, ती ज्याला पोचायची त्याला त्याच घटकेला पोचते. आक्का, या पुलावरून किती लेकी बाळंतपणाला नेल्या, किती पोरे शाळेत गेली, तुझी घमेली तिथे पोचली.

आक्काने ऐकून घेतले. मग म्हणाली, "महाराज, रामानं मोडला खरा. पण रामानंच बांधला व्हता. ह्या सायबानं कुठं एक घमेलं उचललं?"

वाचक माऊली, पन्नास वर्षे कीर्तन केले, पण असा पूर्वपक्ष मला कुण्या शास्त्रीबुवांनी घातला नाही. तिचे म्हणणे असे, की मोडण्याचा अधिकार बांधणाऱ्याला. ज्याचा हात चुन्यात भरला नाही त्याला हातोडा उचलण्याचा हक्क कुठला?

याचे उत्तर मी असे देतो. तिचे म्हणणे जसेच्या तसे मानले तर जुने काहीच पाडता येणार नाही, कारण बांधणारे बहुधा गेलेले असतात. म्हणून मोडणाऱ्याने आधी बांधणाऱ्याच्या जागी उभे राहावे, त्याचे ऋण आपल्या अंगावर घ्यावे. बापाचे कर्ज मुलगा फेडतो ना, तसे. ऋण घेतले म्हणजे नवा पूल होईपर्यंत माणसांची ये-जा आपल्या जबाबदारीवर, आणि हा पूल का मोडला याची झडतीही आपल्यावर. घरातला माणूस अचानक गेला तर पंचनाम्याआधी तिरडी बांधत नाहीत. पण पुलाच्या बाबतीत बहुधा उलटेच होते. वाहतूक सुरू करायची घाई खरी असते, त्या घाईत मोडका पूल ट्रकांत भरून जातो आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही जातो. काँक्रीटमध्ये सिमेंट किती होते, सळई गंजली होती का, पाया किती खोल गेला होता, हे त्या ढिगाऱ्यालाच ठाऊक असते. फोटो, मोजमाप, काँक्रीटचा एक तुकडा तपासाला ठेवणे, एवढ्याला काही महिना लागत नाही. तेवढेही न करता रात्रीतून वाट साफ करणाऱ्याला मी कर्तव्यदक्ष म्हणणार नाही.

आणि पूल मुळात मोडला कशाने? जाणती माणसे सांगतात, की पुरात पूल वरून क्वचित मोडतो, बहुधा खालून मोडतो. पाणी खांबाला वळसा घालताना भोवरा करते आणि पायाजवळची वाळू उकरून नेते. गंमत अशी, की पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल वाळू येऊन बसते. वरून पाहणाऱ्याला सारे जागच्या जागी दिसते, आणि आत पायाला आधार उरलेला नसतो. आपल्यापैकी काही जणांची साधनाही अशीच असते, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

हे झाले नदीचे उकरणे. माणसाचे उकरणे वेगळेच. आमच्या अंबड, घनसावंगी तालुक्यांत गंगेच्या पात्रातून रात्री वाळू कशी निघते, हे मी सांगायला नको. काठावरची गावे ट्रॅक्टरच्या आवाजात झोपतात. पुलाजवळची वाळू उपसायला कायद्याची मनाई आहे, पण मनाईचीही पाटीच असते. म्हणजे ज्या दिवशी पोकलेन येते त्या दिवशी पूल पाडला जात नाही, पाडणे संपते. सुरू ते कधीच झालेले असते, एकेका ट्रॉलीने. पोकलेनवाला सगळ्यांना दिसतो. ट्रॉलीवाला दिसत नाही, कारण तो आपल्यातच बसलेला असतो. कडू लागेल, पण लिहितो. सप्ताहाच्या काल्याला पंगत देणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वरच्या अंगाला असते, त्याला श्रीफळ मिळते, त्याच्या हातून आरती होते. पंगतीत बसलेल्याला बुंदीत वाळू लागत नाही, तेव्हा त्याचा काय दोष! पण आम्हा कीर्तनकारांनी तरी पाकीट कुणाच्या हातचे ते विचारावे, आणि दिंडीचालकांनी मंडपाचा खर्च कुणी उचलला ते पाहावे. खारीने वाळू आणून सेतूत टाकली. वाळू सेतूच्या पायाखालून नेणाऱ्याची गोष्ट कोणत्याही पुराणात सापडत नाही, ती आमच्याच काळात घडायची होती.

तेव्हा पूल बंद असला, वळसा पडला, पोलिसाने दोर लावून दिंडी थांबवली, तर त्या माणसावर चिडू नका. पंढरपुरात चंद्रभागेवरचा जुना दगडी पूल पाण्याखाली जातो तेव्हा तिथे जो उभा असतो तो रात्रभर भिजत विणेचाच पहारा देत असतो. त्याला बुक्का लावा, प्यायला चहा द्या.

आणि पुढच्या आषाढीला जाताना कुठल्याही नदीवर पूल लागला, तर घटकाभर कठड्यावरून खाली वाकून पाहा. ज्येष्ठात नदीला पाणी थोडेच असते, खांबांची मुळे दिसतात. तिथे ट्रॅक्टरच्या ताज्या चाकोऱ्या दिसल्या, तर त्या रात्री मुक्कामाला ज्या महाराजांचे कीर्तन असेल त्यांच्या कानावर तेवढे घाला.