हिरवा फ्यूज

गाडीत टेप बसवून द्यायचे दुकानदाराने 800 रुपये सांगितले आणि माझ्या अंगात आलं. गाडी सेकंडहँड, 2004 सालची व्हॅगनआर. आधीच्या मालकाने विकताना स्वतःचा टेप काढून घेतला होता. डॅशबोर्डात नुसतं चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणारा वायरींचा झुपका. नवा स्टीरिओ मी आधीच घेऊन ठेवला होता. एवढ्याशा डब्याला चार वायरी जोडायच्या, त्याचे 800? "मी करतो की," असं म्हणालो. या वाक्याला आमच्या घरात आई घाबरते. मागे मिक्सर याच वाक्याने गेला होता.

चार रात्री जागून व्हिडिओ पाहिले आणि खरं सांगायचं तर मजा आली. पहिलं कळलं ते माप. 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच. जर्मनांनी ठरवलेलं हे माप बाकीच्यांनीही उचललं, म्हणून कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीच्या भोकात जायचा. आताच्या गाड्यांत डॅशबोर्डभर पडदे आले आणि ती सोय गेली. मग वायरींचे रंग. पिवळीत कायम करंट, तिच्यावर टेपची आठवण चालते. लाल किल्ली फिरवल्यावर जागी होते. काळी अर्थिंगची. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्या. ज्या वायरीवर काळा पट्टा ती ऋण. पिवळी आणि लाल उलटसुलट झाली तर टेप वाजतो, पण गाडी बंद केली की सगळी स्टेशनं विसरतो. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं होतं.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवलं. ऋण आधी का, तर धन टोक सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. ऋण सुटलेलं असेल तर काही होत नाही. जोडताना उलटा क्रम, धन आधी, ऋण शेवटी. हे मी आईला समजावून सांगितलं, कारण टॉर्च धरायला आईच होती. टॉर्च धरणाऱ्याला सगळं ऐकून घ्यावंच लागतं.

स्पीकरची बाजू ओळखायची युक्ती मात्र तिला मनापासून आवडली. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. जोडणी बरोबर असेल तर स्पीकरचा कागदी पडदा अंगाबाहेर येतो, उलटी असेल तर आत जातो. चारांतला एक जरी उलटा लागला तर एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि गाण्यातला ढोलकीचा सगळा ठोका हवेत विरून जातो. आईने सेल स्वतः टेकवून पाहिला. पडदा हलला. "श्वास घेतल्यासारखं करतंय," ती म्हणाली आणि तिने आणखी दोनदा टेकवला.

मग डॅशबोर्डच्या आतलं काम. स्टीरिओ ज्यात सरकतो ती पत्र्याची चौकट आधी भोकात बसवायची आणि तिच्या कडेचे पत्र्याचे कान स्क्रूड्रायव्हरने वाकवून ती आवळायची. मी स्टिअरिंगखाली मान घालून आडवा, आई दाराशी वाकलेली. शेवटचा कान वाकवत होतो आणि उजेड गेला. टॉर्च माझ्या कपाळावर आपटून मॅटखाली गडगडला.

"आई, नीट धर ना."

"हात मेला रे." ती उजवा हात झटकत होती, थर्मामीटर झटकतात तसा. "रात्रीही असंच होतं. मुंग्या येतात."

"बाम लाव," मी स्टिअरिंगखालूनच म्हणालो. शेवटचा कान अंधारात, अंदाजाने वाकवला.

अकरा वाजता टेप वाजला. पुणे आकाशवाणी लागली, कुणीतरी कांद्याच्या रोपवाटिकेबद्दल बोलत होतं. कांद्याबद्दल इतकं गोड मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं. सोसायटीत चार चकरा मारल्या. 800 रुपये वाचले हे निदान सहा जणांना सांगितलं.

आठ दिवसांनी बिबवेवाडीच्या एका स्पीडब्रेकरवर टेप गप्प झाला. आतला दिवाही लागेना. फ्यूजच्या डब्यात पाहिलं तर दहा अँपियरचा लाल फ्यूज जळला होता. आमच्या गाडीत टेपची पिवळी वायर आणि छतातला दिवा एकाच फ्यूजवर. नवा घातला, किंमत पाच रुपये. तीन दिवसांनी पुन्हा तेच. स्पेअरच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "पंधराचा टाका, उडत नाही." निळा पंधराचा टाकला. आठवडाभर चालला. मग पिवळा, वीसचा.

फ्यूज स्वस्त असतो हाच त्यातला घोटाळा. पाचशेचा असता तर मी दुसऱ्या वेळी थांबून विचार केला असता.

त्याच सुमारास घरी बामची बाटली संपली. आई साड्यांना फॉल लावते, पिको करते; लग्नसराईत दिवसाला दहा-बारा साड्या होतात. रात्री मधेच उठून हात झटकत बसलेली मी तिला दोनदा पाहिली. येताना मेडिकलमधून मोठी ट्यूब आणली. नंतर स्प्रे आणला, खेळाडूंना मारतात तो. स्प्रेचा वास घरभर पसरला की काहीतरी उपाय झाल्यासारखं वाटायचं.

वीसचाही उडाला तेव्हा मी हिरवा घातला, तीसचा. हा काही उडाला नाही. मी खूश. महिनाभर खूश.

कात्रजचा घाट उतरत होतो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. आधी वास आला. प्लॅस्टिकची पिशवी चुलीत टाकल्यावर येतो तसला. मागच्या टेंपोचा असेल म्हणून काच वर केली, तर वास आतच. टेपच्या कडेने धुराची एक बारीक रेघ निघाली आणि पुढच्या काचेवर पसरली. गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. पण पिवळीत करंट कायम असतो. किल्लीशी तिचं देणंघेणं नाही. चार रात्री व्हिडिओ पाहून मिळवलेलं ज्ञान त्या एका क्षणी कामाला आलं. दहाचा पाना खणात होता. बॉनेट उघडून ऋण टोक खेचून काढलं आणि कठड्यावर जाऊन बसलो. पाय लटपटत होते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. त्यांना मी आधीच का विचारलं नाही, याचं खरं उत्तर असं की त्यांना विचारलं असतं तर 'मी स्वतः बसवला' असं सहा जणांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लुंगीवरच पार्किंगमध्ये आले. फ्यूजचा डबा उघडला, हिरवा फ्यूज चिमटीत धरून बाहेर काढला. चष्मा नाकावर सरकवून त्याकडे बघत राहिले.

"मुळात कितीचा होता?"

"दहाचा."

"मग?"

"पंधरा. वीस. मग हा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बाळा, फ्यूज टेपसाठी नसतो," ते म्हणाले. "वायरीसाठी असतो. वायर जेवढी जाड तेवढाच फ्यूज. वायर जळण्याआधी त्यानं जळायचं, एवढीच त्याची नोकरी. ही गाडी चार वेळा तुला सांगायला आली की कुठंतरी टोचतंय. तू दर वेळी तिच्या तोंडात आणखी मोठा बोळा कोंबलास." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आमच्याकडे बस चोवीस व्होल्टची, आत पन्नास माणसं. असा फ्यूज दिसला असता तर साहेबानं माझीच वायर कापली असती."

तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. काकांना डॅशबोर्डखाली उजेड हवा होता. मी बॉनेटपाशी. टॉर्च पुन्हा आईच्या हातात गेला.

काकांनी पिशवीतून ब्रेकलाइटचा जुना बल्ब काढला, 21 वॅटचा, दोन वायरी डाग देऊन जोडलेला. त्या दोन वायरी त्यांनी फ्यूजच्या जागी खोचल्या. मला बॅटरी जोडायला सांगितली. जोडली तसा बल्ब लख्ख पेटला.

"आता बघ. फ्यूज उडून गप्प बसतो, बल्ब बसत नाही. जिथं वायर पत्र्याला लागलीय तिथून करंट पळतोय, म्हणून हा पेटलाय. पण बल्ब मधे आहे म्हणून दोन अँपियरच्या आतच पळतोय, वायर तापणार नाही. हा पेटलाय तोवर दुखणं चालू आहे. वायर हलवत जायची. जिथं हा विझेल, तिथं दुखतंय."

हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. निदान मी पाहिलेल्या नाही.

काका घाईत नव्हते. फ्यूजच्या डब्यापासून निघाले आणि पिवळी वायर बोटाबोटाने चाचपत, प्रत्येक वळणावर थोडी ओढून, बल्बकडे एक नजर टाकत पुढे सरकले. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ काही नाही. लिव्हरच्या मागे काही नाही. मी बॉनेटपाशी नुसता उभा होतो, करायला काहीच नव्हतं, म्हणून मला दिसलं. आईने टॉर्च आधी उजव्या हातात धरला होता. मग डाव्यात घेतला. उजवा हात अंगाजवळ धरून अंगठ्याने बाकीची बोटं एकेक करून दाबत होती, जागेवर आहेत ना हे पाहिल्यासारखी. आम्हा दोघांपैकी कुणाला काही म्हणाली नाही.

बल्ब विझला.

"हां," काका म्हणाले आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. चौकटीचा शेवटचा कान. मी अंधारात वाकवलेला. वायर त्या कानाच्या आणि डॅशबोर्डच्या मधे चिमटली होती. वरचं प्लॅस्टिक कापलं जाऊन आत तांब्याचे दोन-तीन केस चमकत होते, पत्र्याच्या कडेवर काजळी. आधी सुटी असायची, खड्ड्यात गाडी आपटली की टेकायची. अलीकडची, फ्यूजच्या बाजूची वीतभर पिवळी वायर तपकिरी पडून फुगली होती. शेजारच्या चार वायरी तिला वितळून चिकटल्या होत्या.

दुरुस्तीला तासही लागला नाही. जळका तुकडा कापला, तेवढ्याच जाडीची वायर डाग देऊन जोडली, वर आखडणारी नळी चढवून लायटरने तापवली. काळी टेप नको म्हणाले, उन्हाळ्यात तिचा चिकटा होतो आणि जोड उघडा पडतो. चौकटीच्या कडेला कानशीने दोन हात मारले आणि वायरीला रबर लावलं. बल्ब काढून फ्यूज घातला, लाल, दहाचा. हिरवा त्यांनी स्वतःच्या डबीत टाकला. "कुठल्या तरी पंख्याला लागेल," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दुसऱ्यांदा मागितला.

रात्री जेवणं झाल्यावर आई मशीनवर बसली होती. कुणाची तरी पैठणी, फॉल अर्धा लागलेला. मशीनच्या छोट्या दिव्याखाली तिचे हात. शेजारी स्प्रेचा डबा. मी स्टूल ओढून बसलो.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात."

तिने पाय थांबवला. "झाली असतील दोन वर्षं. तू बाम आणलास की."

"कुठून कुठपर्यंत मुंग्या येतात?"

हा प्रश्न तिला नवीन होता. उजवा हात तिने दिव्याखाली उताणा ठेवला आणि त्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी पाहू लागली. मग डाव्या हाताने साडीवर खुणा करायचा निळा खडू उचलला. अंगठ्यावर रेघ ओढली. पहिल्या बोटावर, मधल्या बोटावर. अनामिकेपाशी अडली. ते बोट तिने या बाजूने दाबलं, त्या बाजूने दाबलं, पुन्हा या बाजूने. आणि बरोबर मधून, टोकापासून तळव्यापर्यंत, एक सरळ रेघ ओढली.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "पलीकडची बाजू चांगली आहे."