एका चंद्राचे दोन धनी

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यात एक आबा राहायचे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि आता घरची शेती बघत होते. त्यांना दोन नातू. थोरल्या लेकीचा चिखलीला, धाकटीचा मेहकरला. दोन्ही मावसभाऊ अंतराळातल्या एका ऑनलाइन खेळात मुरलेले होते. त्या खेळात हजारो माणसं एकाच विश्वात वावरतात, गट बांधतात, ताऱ्यांवर ताबा मिळवतात. चंद्रावरचं खनिज काढून विकतात आणि आलेल्या पैशातून जहाजं बांधतात. चिखलीकर एका गटाचा पुढारी, मेहकरकर दुसऱ्याचा. दोन्ही गट दोस्त होते. दोस्ताचं जहाज पडद्यावर निळं दिसायचं आणि निळ्यावर गोळी झाडायची नाही, हा नियम दोघांनीही कधी मोडला नव्हता.

तिसरा एक गट दोघांनाही छळायचा. दोघांनी मिळून त्याच्याशी रात्रभर लढाई केली आणि त्याला हुसकावून लावलं. जिंकलेल्या ताऱ्याजवळ एक चंद्र होता, मौल्यवान खनिजानं भरलेला. तो कोणाचा, हे लढाईआधी कोणीच बोललं नव्हतं. चिखलीकर म्हणाला, “मोठी जहाजं आमची जळाली, चंद्र आमचा.” मेहकरकर म्हणाला, “वाट आम्ही अडवून धरली म्हणून तुम्ही जिंकलात.” भांडण नको म्हणून शेवटी तोड निघाली: ताबा दोघांचा, कर दोघांनीही घ्यायचा.

ऐकायला ही तोड फार न्यायाची वाटते. पण त्या चंद्रावर रोज खणायला जाणारे होते ते दोन्ही गटांतले साधे खेळाडू. कोणी कॉलेजातून आल्यावर तासभर खेळणारा, कोणी दुकान बंद करून बसणारा. आधी ते खणलेल्या मालाचा दहावा हिस्सा एका तिजोरीत टाकत. आता तितकाच दुसऱ्या तिजोरीतही टाकावा लागू लागला. लुटारू आले की चिखलीकराला वाटायचं मेहकरवाले धावतील, मेहकरकराला वाटायचं चिखलीवाले. धावायचं कोणीच नाही. कर मात्र दोघंही न चुकता घ्यायचे. महिन्याभरात खणणारे निघून गेले. चंद्र ओस पडला, तिजोऱ्या आटल्या, आणि दोघांनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. निळा रंग गेला, गोळ्या सुटल्या.

खेळातली जमीन खोटी असते असं मानणाऱ्यांनी 2014 चा जानेवारी आठवावा. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या खेळात मित्रगटांच्या तळाच्या ताऱ्याचा हप्ता भरायचा राहिला, ताबा सुटला, आणि त्या एका चुकीतून हजारो खेळाडूंची लढाई पेटली. ती जवळजवळ दिवसभर चालली. 75 महाकाय जहाजं जळाली आणि ती बांधायला लागलेले माणसांचे महिनोन्‌महिने त्यांच्याबरोबर गेले. खेळातल्या श्रमाचा वेळ खराच असतो, म्हणून तिथला अन्यायही खरा असतो.

दिवाळीला दोघंही आजोळी आले, पण बोलेनात. एक ओसरीवर बसला की दुसरा खळ्याकडं जायचा. आबांनी दोघांना शेतात नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काहून रे, हे तं आपल्याच गावच्या शिवारात होऊन गेलं!”

त्यांनी सांगितलं ते असं. 1724 साली याच साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची गाठ पडली. दख्खनचा सुभा निजामाच्या हातून काढून मुबारिझखानाला देण्याचा दिल्लीचा डाव होता. मराठी फौज निजामाच्या बाजूनं उभी राहिली. मुबारिझखान लढाईत पडला, निजामाचा पाय दख्खनेत कायमचा रोवला गेला, आणि त्यानं विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. शत्रू एक होता तोवर दोस्ती होती. पण दख्खनच्या चौथाईचं, म्हणजे महसुलातल्या चौथ्या हिश्शाचं काय, हा प्रश्न होता तिथंच राहिला होता. पुढं निजामानं शाहू महाराजांची चौथाई अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेतला. साखरखेर्ड्याच्या लढाईला चार वर्षं होत नाहीत तोच, 1728 च्या फेब्रुवारीत, बाजीरावानं त्याच निजामाला पालखेडला कोंडलं. मार्चात मुंगी-शेवगावला तह झाला आणि चौथाईचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

“मंग मिटलं ना?” मेहकरकरानं विचारलं.

“राजांचं मिटलं,” आबा म्हणाले. “वऱ्हाडातल्या कुणब्याचं नाही.”

कारण त्यानंतर वऱ्हाडात दोन अंमल बसले. निजामाचे अंमलदार एकीकडून वसुलीला यायचे, नागपूरकर भोसल्यांचे दुसरीकडून. ही दोअंमली 1803 पर्यंत, देवगावच्या तहापर्यंत चालली. भांडण कोणत्या दरबारात जिंकलं-हरलं हे बखरीत सापडतं. पीक कोणाला किती वेळा द्यावं लागलं, ते शेतकऱ्याच्या घरात कळत होतं. मला आबांचं सांगणं इथं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण लढाया सांगणारे पुष्कळ असतात, वसुली कोणाच्या कणगीतून झाली हे विचारणारे थोडे.

चालता चालता आबा शेजाऱ्याच्या आणि आपल्या शेतामधल्या धुऱ्यावर थांबले. म्हणाले, “आमची तीन पिढ्यांची दोस्ती हाय. काहून टिकली? धुरा पेरणीच्या आधी ठरला म्हणून. पीक आल्यावर धुरा ठरवाले गेलं तं सख्खे भाऊ बी वैरी होतात. अन् एका वावराले दोन धनी करू नका रे. दोन धनी म्हंजे राखणाले कोणीच नाही, अन् घ्याले दोघं.”

चिखलीकर म्हणाला, “पण आबा, जहाजं आमचीच जास्त जळाली.”

“त्याचं मोल माग. चंद्र काहून मागतो?”

दोघं त्या रात्री ओसरीवर एकच मोबाइल घेऊन बसले. चंद्र मेहकरच्या गटाकडं, कर एकच, आणि राखणही त्याच गटाची. जळालेल्या जहाजांची भरपाई चिखलीकराला त्या चंद्राच्या उत्पन्नातून हप्त्यानं मिळावी. पुढच्या लढाईला निघण्याआधी कोणाला काय मिळणार ते लिहून घ्यायचं आणि मगच इंजिनं सुरू करायची. एवढं ठरल्यावर मेहकरकरानं आणखी एक कलम घातलं: खणणाऱ्यांकडून दुसऱ्यांदा घेतलेला कर परत द्यायचा, दोन्ही गटांनी निम्मा-निम्मा, जे सोडून गेले त्यांनाही.

चिखलीकराच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. त्यानं आपलं सगळ्यात मोठं जहाज विक्रीला काढलं.